घाडीबाईंच्या घरचं रॉकेल

फिलू,

संस्थेतून चिठ्ठी आली आहे. शनिवारी तुझ्यासाठी सभा आहे, मी दोन शब्द बोलायचे आहेत, आणि ते ‘फिलोमिनाबाईंच्या कार्याचा गौरव करणारे’ असावेत. तुझं नाव असं पूर्ण लिहिलेलं पाहून मला आधी हसूच आलं. तुला फिलोमिनाबाई म्हणणारं माणूस मी तरी पाहिलेलं नाही. चाळीतल्या बायका फिलूबाई म्हणायच्या, मी फिलू म्हणायची, आणि तू मला एरवी सुमन आणि चिडलीस किंवा रंगात आलीस की सुमे म्हणायचीस. गेल्या आठ दिवसांत मला कुणी सुमे म्हटलेलं नाही. आता म्हणणारंही कुणी उरलेलं नाही.

चिठ्ठीत पुढे लिहिलंय की आपला रॉकेलचा अहवाल तुझ्या फोटोपुढे मांडून ठेवणार आहेत. तोच अहवाल, ज्यातलं घाटकोपरच्या घाडीबाईंचं पान काढून टाक म्हणून तू माझ्याशी भांडलीस, नोकरी सोडलीस आणि दोन वर्षं माझं तोंड पाहिलं नाहीस. आता तू बोलू शकत नाहीस, म्हणून ते पान तुझ्या नावाला चिकटणार. हे मी होऊ दिलं तर माझ्यासारखी कोडगी मीच. पण थांबवायचं तर आधी एक गोष्ट कबूल करायला हवी, आणि ती तुझ्याजवळच करायची राहून गेली. तीन वर्षांपूर्वी तू माझ्या घरी येऊन माझी माफी मागितलीस. ती मी घेतली. घ्यायचा मला काही एक अधिकार नव्हता.

तुला बहुतेक सगळं ठाऊक आहे, पण सभेतल्या लोकांना नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. कंटाळा आला तर नेहमीसारखी खिडकीबाहेर बघत बस.

आपण दोघी पार्ल्याच्या त्या गृहविज्ञान संस्थेत लागलो तेव्हा आपल्याकडे मुली पाककृती शिकायला यायच्या. मी फळ्यावर सुबक अक्षरात कृती लिहायची आणि तू मागच्या ओट्यावर स्टोव्ह पेटवून दाखवायचीस. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरला रॉकेल मिळेनासं झालं. रेशनच्या दुकानापुढे माणसांऐवजी डब्यांची रांग असायची आणि डब्यांची राखण करायला एखादी म्हातारी बसलेली. तेव्हा आपल्या संचालिकाबाईंच्या डोक्यात आलं की घरोघरी किती रॉकेल जळतं ते मोजावं, मग बायकांना बचतीच्या चार गोष्टी शिकवाव्यात आणि पुन्हा मोजावं. काम मिळालं आपल्याला. घाटकोपर आणि मुलुंडच्या दोन चाळी, लाकडी पट्ट्या, पुसायला फडकी आणि दोन वह्या.

पट्टी डब्यात उभी बुडवायची, ओली खूण कुठवर आली ते बघायचं, पुसायची, लिहायचं. दर आठवड्याला तेच. आपल्या साड्यांना असा वास मारायचा की बसमध्ये शेजारी बसलेली बाई उठून पुढे जायची. तू खूश व्हायचीस. ऐसपैस जागा मिळाली म्हणायचीस.

पहिल्या फेरीत आपली जी फजिती झाली ती मी कुठल्याच अहवालात लिहिली नाही, आज लिहिते. महिनाभर मोजूनही आकडे जमेनात. बायका सांगायच्या त्यापेक्षा प्रत्येक घरात रॉकेल जास्त जळायचं. मी वहीवर वही तपासली, पट्ट्या बदलल्या. तू एक दिवस मुलुंडच्या चाळीत कपबशी हातात धरून एकदम थांबलीस.

“सुमे, वाट लागली गं आपली.”

“काय झालं?”

“हा चहा कशावर झाला?”

मी कपाकडे पाहिलं, मग स्टोव्हकडे. घरोघरी आपल्यासाठी चहा टाकला जात होता. कुणी सोबत कांदेपोहे करायचं. पाहुण्या बायका दारी आल्या, त्यांना कोरडं कसं पाठवायचं? आपण महिनाभर आपल्याच चहाचं रॉकेल मोजत होतो. तू इतकी हसलीस की चहा बशीत सांडला, आणि त्या घरच्या बाईला वाटलं साखर कमी पडली.

मग आपण चहा घ्यायचा नाही असं ठरवलं, आणि जवळजवळ दंगलच झाली. घाटकोपरच्या घाडीबाई तर दारात आडव्या उभ्या राहिल्या. मालवणकडच्या, नवरा गिरणीत, घरात अंथरुणाला टेकलेली सासू. एकच खोली, पण फरशीवर भात सांडला तर वेचून खावा इतकी स्वच्छ.

“माझ्या घराकडे इलास आणि च्याय नको म्हणतास? लोक काय म्हणतले?”

“अहो घाडीबाई, रॉकेल मोजायचंय,” मी म्हटलं.

“मोजा ना. मी खंय नाय म्हणतंय?”

पुढच्या आठवड्यात चहा आला, आणि पट्टी लावली तर रॉकेल अजिबात जास्त जळलेलं नाही. मला आनंद झाला. तू बाहेर जाऊन आलीस आणि माझ्या कानात म्हणालीस की चहा शेजारणीच्या स्टोव्हवर झालाय. शेजारीण आपल्या यादीत नव्हती ना! मला तेव्हा ती नुसती गंमत वाटली. तू मात्र घरी जाताना बसस्टॉपवर म्हणालीस, “सुमन, ह्या बायका आपल्याला नाराज करणार नाहीत. हे वाईट आहे.” मी म्हटलं, उलट चांगलं आहे, लवकर शिकतील. तुझ्या-माझ्या भांडणाचं मूळ तिथेच होतं, पण आपण तेव्हा शेंगदाणे खात होतो.

शिकवायची वेळ आली तेव्हा मी वर्ग भरवायचं म्हणत होते. फळा, खडू, तक्ते. तू म्हणालीस, कोण येणार तुझ्या फळ्यापुढे? संक्रांत जवळ आलीय, हळदीकुंकू कर. मी शिकलेली, असल्या गोष्टींना नाक मुरडणारी, आणि मला हळदीकुंकू सुचवत होती अंधेरीच्या गावठाणातली, दर रविवारी मिस्साला जाणारी पोरगी! वाण म्हणून स्टोव्हच्या वाती वाटायचं तूच ठरवलंस. जुनी, जळकी वात रॉकेल खाते आणि काजळी धरते, हे मी फळ्यावर दहा वेळा लिहिलं असतं तरी कुणाच्या डोक्यात शिरलं नसतं. तिळगुळाबरोबर वात हातात पडली आणि दुसऱ्या दिवशी चाळीतले सगळे स्टोव्ह निळे पेटले.

त्या दिवशी घाडीबाई कुंकवाचा करंडा घेऊन तुझ्यापुढे येऊन थांबल्या. त्यांना तुझ्या गळ्यातला क्रूस दिसत होता.

“फिलूबाय, तुमका चलता?”

“लावा हो! वाती मी वाटल्या, मग कुंकू दुसऱ्यांनीच घ्यायचं?”

सगळ्या हसल्या. कुंकू पुसायचं विसरून तू तशीच घरी गेलीस, आणि तुझ्या आईनं दारातच विचारलं, की लग्न करून आलीस की काय. हे तू मला पुढे निदान वीस वेळा सांगितलंस, दर वेळी आईचा चेहरा थोडा अधिक घाबरलेला करून. परवा तुझ्या आईला भेटले तेव्हा तीच गोष्ट त्यांनी मला सांगितली. तुझ्याइतकी चांगली सांगता आली नाही त्यांना, आणि मधेच थांबल्या.

आपण शिकवलेल्या गोष्टी साध्या होत्या. डाळ रात्री भिजत घालायची, पातेल्यावर झाकण ठेवायचं, उकळी आली की ज्योत बारीक करायची. आणि अर्धा शिजलेला भात पातेल्यासकट गोधडीत गुंडाळून ठेवायचा, मग तो आपल्याच वाफेवर शिजतो. भात निजवणं म्हणायच्या बायका त्याला. एकीच्या घरी पाहुणा त्या गोधडीवर बसला होता. फिलू, हे सगळं खरं होतं. भिजवलेली डाळ लवकर शिजते, यात खोटं काही नाही. आपलं काम म्हणजे नुसती फसवणूक होती असं मला कुणी म्हटलं, अगदी तू म्हटलंस तरी, मी आजही भांडेन.

फसवणूक माझी होती, आणि ती माझ्या एका हुशारीतून सुरू झाली.

त्या हळदीकुंकवावरून मला कल्पना सुचली. चाळीच्या जिन्यापाशी तक्ता लावायचा, त्यावर सगळ्या घरांची नावं, आणि ज्या घरी रॉकेल वाचलं त्या नावापुढे दर आठवड्याला कुंकवाचं बोट. तू म्हणालीस, “ही काय बालवाडी आहे? नको गं.” मी ऐकलं नाही. संचालिकाबाईंना ती कल्पना फार झकास वाटली. आणि चाललीही! बायका तक्त्यापुढे उभ्या राहून एकमेकींची बोटं मोजायला लागल्या. ज्या बाईच्या नावापुढे जागा कोरी राही तिला नळावर टोमणे बसत. आपण कोऱ्या कागदावर कुंकू लावत होतो, पण तिथे सवाष्ण बाईच्या नावापुढे कुंकू नसणं म्हणजे काय, हे माझ्या शिकलेल्या डोक्यात आलं नाही. तुझ्या आलं होतं.

घाडीबाईंच्या नावापुढे सगळ्यांत जास्त बोटं होती. त्यांची पट्टी बघून मला दर आठवड्याला भरून यायचं. संचालिकाबाई म्हणाल्या, हे घर आपलं आदर्श घर, अहवालाचं पहिलं पान यांचं.

आता ते सांगते जे तुला माहीत नव्हतं.

थंडी अजून सरली नव्हती. तू त्या आठवड्यात मुलुंडची चाळ करत होतीस आणि घाटकोपरला मी एकटी गेले होते. घाडीबाईंची सासू भिंतीला टेकून बसली होती, ओल्या केसांची, आणि थरथरत होती. आंघोळ नुकतीच झालेली. मी पट्टी बुडवली, खूण बघितली. आधीच्या आठवड्यापेक्षाही कमी. मी म्हटलं, “घाडीबाई, करता तरी काय तुम्ही? आम्हाला पण सांगा.” कौतुकानं म्हटलं होतं. त्यांनी दाराकडे बघितलं आणि हळू आवाजात सांगितलं. म्हातारीसाठी रोज पाणी तापवायच्या, ते बंद केलं. थंड पाण्यानं न्हाऊ घालत होत्या. स्वतः सकाळचा गार भात दोन वेळ खात होत्या, संध्याकाळी स्टोव्ह फक्त नवऱ्याच्या भाकरीपुरता पेटायचा.

“कोणाक सांगा नको हां, बाय. तक्त्यावर कुंकू येवक व्हया ना. तुमचा नाव खाली जावक नको.”

माझं नाव. माझं नाव खाली जाऊ नये म्हणून ती बाई सासूला थंड पाण्यानं न्हाऊ घालत होती. फिलू, मला ते त्याच क्षणी कळलं. कळलं नाही असं मी स्वतःला पुढे पुष्कळ सांगितलं, की घाईत होते, की वाटलं दोन दिवसांचा प्रश्न आहे, की म्हातारीलाच थंड पाणी आवडत असेल. सगळं झूट. मला कळलं आणि पुढच्याच क्षणी अहवालाचं पहिलं पान डोळ्यांपुढे आलं. मी “बरं” म्हटलं. पट्टी पुसली, आकडा लिहिला आणि जिन्यापाशी जाऊन त्यांच्या नावापुढे बोट उठवलं.

दोन आठवड्यांनी तू एकदा मोजणीचा वार नसताना घाटकोपरला गेलीस. काहीतरी निमित्त होतं, मला वाटतं कुणाचं तरी नरसाळं द्यायचं राहिलं होतं. म्हातारी तापानं फणफणलेली, छाती भरलेली. तूच तिला टॅक्सीत घालून इस्पितळात नेलंस. ती वाचली, पण पुन्हा भिंत धरल्याशिवाय उभी राहिली नाही. इस्पितळाच्या बाकावर घाडीबाईंनी तुला थंड पाण्याचं आणि गार भाताचं सांगितलं. रडत होत्या म्हणालीस.

दुसऱ्या दिवशी तू संस्थेत आलीस ती चपला न काढता थेट माझ्या टेबलाशी.

“ते घर काढून टाक. आणि तो तक्ता आजच्या आज उतरव.”

“तक्ता उतरवते. पण एका घरासाठी सगळं काम फुकट घालवायचं?”

“एक घर? बाकीच्यांचं काय माहिताय तुला? पट्टी रॉकेल दाखवते गं, कोणाच्या ताटातनं वाचलं ते नाही दाखवत!”

“तू ओरडू नकोस.”

मग तू खरंच ओरडायची थांबलीस.

“सुमे, तुला माहीत होतं का?”

मी म्हटलं, “नाही.”

“खोटं बोलतेस,” तू म्हणालीस. “खोटारडी आहेस तू.” आणि गेलीस. महिनाअखेरीस राजीनामा आला. अहवाल निघाला, घाडीबाईंचं घर पहिल्या पानावर, त्यांच्या फोटोसकट. खाली तुझंही नाव होतं, कारण मोजणी तुझी होती. तुला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

ती दोन वर्षं मी तुझा फार राग केला. खोटं पकडणाऱ्या माणसाचा जसा येतो तसा राग. कुणी तुझं नाव काढलं तर म्हणायची, हुशार आहे पण तापट, तिच्याशी जमवून घेणं कठीण. लोक माना डोलवायचे. तू कांदिवलीच्या शाळेत शिकवायला लागलीस असं कानावर आलं. एकदा स्टेशनाबाहेर तू भाजी घेताना दिसलीस, आणि मी दुसऱ्या जिन्यानं गेले.

आणि मग एक दिवस दुपारी दार वाजलं, दारात तू. बारीक झाली होतीस. मी दारातच उभी राहिले, तुला आत ये म्हणायचंही सुचलं नाही. तू उंबऱ्याबाहेरूनच म्हणालीस, “सुमन, मी तुला खोटारडी म्हटलं. चुकलं माझं. तुला माहीत नव्हतं, माझी खात्री पटलीय. दोन वर्षं उगाच वाया घालवली मी. माफ कर.”

त्या क्षणी सांगता आलं असतं. तोंड उघडलंही होतं मी. आणि त्यातून काय बाहेर पडलं? “जाऊ दे गं. झालं गेलं गंगेला मिळालं.” वर तुझ्या पाठीवर हात ठेवला. मोठ्या मनाची मी! तुला आत घेतलं, बसवलं, लाडू दिला. तू लाडू खाताना रडलीस. मी रडले नाही. मला हलकं वाटत होतं, हे सांगायचीही लाज वाटते, पण वाटत होतं.

त्यानंतरची तीन वर्षं आपली उत्तम गेली. तू दर शनिवारी यायचीस. माझ्या घरी तोवर गॅस आला होता, न्हाणीघरात गीझरही, आणि तू आल्या आल्या न्हाणीघराकडे बोट दाखवून म्हणायचीस, “याच्यात पट्टी कुठे बुडवायची, सुमन?” हा आपला वाद कधी संपला नाही. तुझं म्हणणं, आपण बचत नेहमी त्यांनाच शिकवतो ज्यांच्या डब्यात मुळात तळाशी थोडं असतं. ज्यांच्या घरी बटण दाबलं की गरम पाणी येतं त्यांच्या जिन्यापाशी तक्ता लावून दाखव, मग मानीन. मी म्हणायची, सवय ती सवय, गरिबाची असो की श्रीमंताची. तू म्हणायचीस, सवय सोडणं वेगळं आणि गरज सोडणं वेगळं, आणि बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. यावर मी विषय बदलायची. तुला वाटायचं मी हट्टी आहे. प्रत्येक शनिवारी मी ठरवायची की आज सांगू. आणि प्रत्येक शनिवारी वाटायचं, इतकी हसतेय ही, आज नको. फिलू, ही मैत्री गमवायची माझी छाती नव्हती. खरं सांगते, त्या शनिवारांसारखं माझ्या आयुष्यात दुसरं फार काही नव्हतं.

मग तुला कावीळ झाली. आज-उद्या बरी होशील म्हणता म्हणता हाताबाहेर गेलं. शेवटच्या भेटीत तू मला म्हणालीस, उसाचा रस पिऊन पिऊन मी आता गुऱ्हाळ झालेय. मी हसले. तेव्हाही सांगितलं नाही. आजारी माणसाला त्रास नको, हे कारण तयार होतंच.

चर्चमध्ये मी मागच्या बाकावर बसले होते. तुला बाहेर आणलं तेव्हा फाटकाशी घाडीबाई दिसल्या. देवळात येतात तशा चपला बाहेर काढून, पदर डोक्यावरून घेऊन, एका बाजूला उभ्या. घाटकोपरहून एकट्या आल्या होत्या. मला पाहून जवळ आल्या आणि माझा हात धरला. मग त्यांनी सांगितलं की तू त्यांच्याकडे मधूनमधून जायचीस. सासू जाईपर्यंत तिच्यासाठी कसलं तरी तेल न्यायचीस. मला हे कधी बोलली नाहीस.

“तुमची सारखी याद काढायच्या,” त्या म्हणाल्या. “तुमचा भांडण झाला होता ना. एकदा माझ्याकडे येवन बसल्या. माका विचारल्यानी, घाडीबाय, खरा सांगा, त्या थंड पाण्याचा तुम्ही सुमनबायेंक आधी सांगितला होतात काय?”

मी विचारलं,

“मग?”

“मी नाय म्हणान सांगितलंय,” त्या म्हणाल्या, आणि माझा हात थोपटला. “तुमचा नाव खाली कित्याक जावक देतलंय मी? शपथ घातल्यानी, तरी नाय म्हटलंय. मगेच त्या तुमच्याकडे इल्या.”

अगदी सहज सांगितलं त्यांनी. पाहुण्याला चहा दिला त्यात काय विशेष, अशा आवाजात. तिच्या सासूच्या छातीत थंडी भरली ती माझ्यामुळे, आणि ती बाई माझ्यासाठी खोटी शपथ घेऊन बसली होती. वर तिला वाटत होतं की तिनं आपली मैत्री जोडून दिली. दिलीही. मी तिच्या पाया पडले, तिथेच, फाटकाशी. तिला कळेना मी असं का करतेय. “अरे देवा, ह्या काय, बाय,” म्हणत मला उठवायला लागली. तेव्हा मी तिला म्हटलं की तुम्ही मला सांगितलं होतंत, आणि मी आकडा लिहून निघून गेले, माझं चुकलं. ती म्हणाली, “म्हायत आसा माका.” एवढंच. मग चपला घालून निघून गेली.

तेव्हापासून मी तेच धरून बसले आहे. तू माणसांच्या बोलण्यावर विश्वास ठेवणारी नव्हतीस, पट्टीवरही नव्हतीस, जाऊन डोळ्यांनी बघणारी होतीस. आयुष्यात एकदाच तू कुणाच्या तरी शब्दावर विसंबलीस, कारण तुला मी परत हवी होते. तुला ‘नाही’ हेच ऐकायचं होतं, आणि घाडीबाईंनी ते ओळखलं. सगळ्या जणी माझं नाव सांभाळत होत्या. नुकसान मात्र मी सोडून सगळ्यांचं झालं.

संचालिकाबाईंना मी आज सकाळी भेटले. अहवाल मांडू नका म्हटलं. त्या म्हणाल्या, सुमनताई, भावनेच्या भरात काही ठरवू नका, ते फिलोमिनाबाईंचं सगळ्यांत मोठं काम आहे. मी म्हटलं, तिचं सगळ्यांत मोठं काम ते पान काढायला सांगणं हे होतं, आणि ते मी होऊ दिलं नाही. मग म्हटलं, मला बोलायला सांगितलंय ना, मग मी हे वाचेन, नाहीतर येणार नाही. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. न म्हटलं तर मी हे घाटकोपरला जाऊन घाडीबाईंना वाचून दाखवीन, आणि मग अंधेरीला तुझ्या आईला.

त्यांच्याआधी तुला.

तू माझ्या टेबलाशी उभी होतीस, पायांत चपला, आणि मला एकच प्रश्न विचारला होतास. त्याचं मी एक उत्तर दिलं, घाडीबाईंनी तेच दिलं, आणि तू ते खरं मानून गेलीस. हो, फिलू. मला माहीत होतं. तू खोटारडी म्हणालीस ते बरोबर होतं. माफी तू मागायची नव्हतीस.